अंधार तपासायची रीत

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होता तेव्हा तरी कुठं लिहिली म्हणा. नागपूरला शिकायला निघाले त्या दिवशी तुम्ही आपल्या हाताने घरचा पत्ता घातलेली दहा पोस्टकार्डं माझ्या पेटीत ठेवली होती, आणि मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर नसांच्या आकृत्या काढून परीक्षा पास झाले. तुम्ही कधी विचारलंही नाही. आता मात्र असं काही घडलंय की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर सुरुवात कुठून करावी इथंच गाडी अडते. तुमच्यापाशी ती अडणार नाही, कारण कबरी गाय तुम्हाला आठवत असणारच.

मी तेव्हा पाचवीत होते. उन्हाळा असा की तळ्याच्या पाळीवरचं गवत मुळापर्यंत वाळलेलं, आणि गावाचं गोहन चारणारा गायकी ढोरांना जंगलाच्या कडेला नेऊ लागला होता. तिथं रायमुनियाच्या झुडपांशिवाय हिरवं काही उरलेलं नव्हतं. एका सकाळी दवाखान्यासमोर भांडणच येऊन उभं राहतं. पुढे कबरी गाय, तिच्यामागे तिचा मालक, त्याच्यामागे त्याचा शेजारी आणि सर्वांच्या मागे अर्धं गाव. गाईची पाठ सोलून निघालेली. कातडं वाळक्या सालीसारखं सुटून लोंबतंय, खाली लाल मांस, त्यावर माशा. मालक ओरडतो आहे, "यानं तेजाब टाकला जी माह्या गाईवर! वावराच्या धुऱ्यावरून भांडन झालं होतं ना परवा, त्याचा राग काढला!" शेजारी आईची शपथ घेतो आहे. कोणीतरी पोलीस पाटलाला आणायला पळालं आहे. दवाखान्यात डॉक्टर नाही, कारण आधीच्याची बदली होऊन वर्ष झालं आणि नवा आलेला नाही. तुम्ही ड्रेसर. सरकारी कागदावर तुमचं काम जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि झाडझूड. डॉक्टरांची खुर्ची वर्षभर रिकामी होती, पण तुम्ही तीत एकदाही बसला नाहीत. तिच्या शेजारच्या लाकडी स्टुलावर बसायचा आणि खुर्ची रोज पुसायचा.

तुम्ही स्टुलावरून उठता, गाईभोवती एक फेरी मारता, मग दुसरी. पापणी उलटून पाहता, आत पिवळं. मग मालकाचा हात धरता आणि गाईच्या पाठीवर ठेवता, आधी काळ्या डागावर, मग पांढऱ्यावर. "पाह्य नीट. जरलं ते पांढरंच जरलं. काऱ्यावर एक फोड नाही. तेजाब का रंग पाहून जारते का रे बाप्पा?" मग तुम्ही गायकीला विचारलं ढोरं कुठं चरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की रायमुनियाचा पाला खाऊन गाईचं काळीज बिघडलं आहे, त्याचं जहर रक्तातून कातड्याखाली येऊन बसलं आहे. "एकला पाला असा जारत नाही, एकलं ऊनही जारत नाही. दोघं भेटले का जरते. काऱ्या कातड्यातून ऊन आत जात नाही म्हनून तेवढं वाचलं. आता त्याहिची भेट होऊ द्याची नाही, बस." शेजाऱ्याने तुमचे पाय धरले तेव्हा तुम्ही त्याच्यावरच खेकसला होतात की पाय सोड आणि तणस घेऊन ये.

मालकाचा कोठा चारी बाजूंनी उघडा, म्हणून गाय आपल्या कोठ्यात आली. तुम्ही दाराला बारदाने टांगले, भिंतीच्या भेगा शेणमातीने लिंपल्या आणि मग मला घेऊन आत बसलात. मला वाटलं झालं काम. तुम्ही म्हणालात, "डोरे मीट." बिडी ओढून होईल एवढा वेळ आपण डोळे मिटून बसलो. उघडले तेव्हा जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं छपरावरच्या कवेलूंच्या फटी चांदण्यांसारख्या उमटल्या. मग तुम्ही खिशातून धानाचा बारीक कोंडा काढला आणि मूठभर वर उडवला. कोंडा तरंगत खाली येऊ लागला आणि त्यातून उजेडाच्या दोऱ्या दिसल्या, छपरापासून थेट गाईच्या पाठीपर्यंत. दोरी धरून वर जायचं, फट सापडते, तिच्यात धानाच्या वाळक्या काड्यांची तणस कोंबायची. दुपारी पुन्हा तेच केलंत आणि दिवस कलल्यावर तिसऱ्यांदा. मी वैतागून म्हटलं, "सकाळी तर पाहिलं ना बाबा!" तुम्ही म्हणालात, "सकारचे भोकं येगळे, सांजचे भोकं येगळे. सूर्य का एका जागी बसून रायते का?" संध्याकाळी खरंच पश्चिमेच्या भिंतीतून तीन नव्या दोऱ्या निघाल्या. हवेसाठी तुम्ही दाराशी दोन बारदाने टांगले होते, एकामागे एक, थोडं अंतर सोडून, एक डावीकडून उघडा आणि दुसरा उजवीकडून. हवा वळून आत येते, उजेडाला वळता येत नाही. हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं? सातवी पास माणसाला? मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर तर आपलं बोलणं जेवलीस का आणि पैसे पुरतात का एवढ्यावरच आलं.

आणि मी काय केलं होतं तेही लिहिते, नाहीतर तुम्ही वरून हसाल. पाचव्या दिवशी तुम्ही फिरतीवर गेला होता. गाय आत हंबरत होती, मला तिचं वाईट वाटलं. आई नेहमी म्हणायची की जखम उन्हात सुकते, म्हणून मी दोन्ही बारदाने वर केले आणि तिला दारापर्यंत ओढून आणलं. तासाभरात तिच्या नाकावर पाण्याने भरलेले फोड उठले. तुम्ही आलात, पाहिलंत, गाईला आत घेतलंत. मारलं नाहीत. म्हणालात, "दया आली का तुले? दया कराची असन तर आंधी समजून घे का तिले काय होऊन रायलं. न समजता केलेली दया तिले तेजाबापरस जास्त जारते." दुसरा अख्खा दिवस मला त्या अंधारात तिच्याजवळ बसवलंत, तिला हाताने तणस भरवत. त्या वेळी मला तुमचा भयंकर राग आला होता. पुढे तीन आठवड्यांनी तुम्ही तिला आधी दिवेलागणीला बाहेर काढू लागलात, मग पहाटे, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ, दर दिवशी थोडा जास्त. पांढऱ्या जागी पुन्हा पांढरे केस आले. नंतर नवे डॉक्टर रुजू झाले, तुम्ही त्यांना हे सगळं उत्साहाने सांगितलंत आणि ते हसून म्हणाले, "तुम्ही पट्ट्या बांधा, डोकं चालवायला सरकारने मला पाठवलंय." तुम्ही "हो जी" म्हणालात आणि पाण्याची बादली उचललीत. मी दाराशी उभी होते. मला अजून त्या माणसाचा राग आहे.

आता माझ्या कामाचं. तुम्ही शेजारीपाजारी सांगायचा की पोट्टी नागपूरला मोठ्या दवाखान्यात मशीन चालवते, आणि ते बरोबरच होतं. तुमच्यामागे माझं मशीन बदललं. आता मी कॅन्सरच्या रोग्यांसाठी लेझर चालवते, पण तो कापणारा किंवा जाळणारा लेझर नव्हे. हाताला लावला तर ऊबही जाणवत नाही, नुसता लाल उजेड. रोग्याला आधी शिरेतून एक रंग देतात. तो रंग अंगभर फिरतो, पण काही दिवसांनी इतर मांसातून कमी होतो आणि गाठीत जास्त उरतो. मग त्या जागेवर आम्ही काडीएवढ्या तारेतून लाल उजेड पाडतो. एकटा रंग काही करत नाही, एकटा उजेड काही करत नाही. दोघं भेटले की रक्तातल्या प्राणवायूचं असं काही होतं की त्या जागेच्या पेशी मरतात. पहिल्यांदा हे आम्हाला शिकवायला बाहेरून एक सर आले होते. त्यांनी पडद्यावर त्या रंगाची आकृती दाखवली, चार कड्यांची मिळून एक मोठी कडी, आणि म्हणाले, झाडाच्या पानातला हिरवा रंग याच घराण्यातला आहे. पुढे तर म्हणाले, काही ढोरांचं लिव्हर, म्हणजे आपलं काळीज, बिघडलं की पोटात मोडलेला पानाचा रंग त्यांच्या कातड्यात साठतो आणि उन्हात ती जळतात. बाबा, मी खुर्चीत ताठ बसले. तुम्ही म्हणाला होतात पाल्याचं जहर कातड्याखाली बसतं. तुमचं एवढंच थोडं चुकलं होतं. जहराने काळीज बिघडवलं, कातड्याखाली बसला तो हिरवा रंग. बाकी सगळं, शब्दन् शब्द, तुम्ही त्या गर्दीसमोर सांगितलं होतंत. फक्त तुम्ही दोघांची भेट टाळायला शिकवलं आणि आम्ही ती घडवून आणतो, नेमकी हवी तिथं.

पण त्या रंगाची एक अडचण आहे आणि ती तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. तो लगेच अंगातून जात नाही. गाठीचं काम झालं तरी कातड्यात आठवडेच्या आठवडे राहतो, आणि तेवढे दिवस रोग्याने उन्हाची तिरीप अंगावर येऊ द्यायची नसते. शहरातल्या माणसाचं एक वेळ जमतं, पडदे लावून पक्क्या खोलीत बसायचं. आमच्याकडे खेड्यातल्या दोघांना हा उपचार दिला आणि दोघंही घरी जाऊन भाजले, एकाचा गाल, दुसऱ्याचे दोन्ही हात. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम फार सज्जन बाई आहेत, त्यांना ते फार लागलं. त्यांनी ठरवून टाकलं की यापुढे कवेलूच्या घरातला रोगी घ्यायचा नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात ती बाई आली. दवनीवाड्याच्या बाजूची, अंगणवाडी सेविका, चाळिशीची, नवऱ्यासोबत. लग्न झाल्यापासून रोज सकाळी दातांना तंबाखूचा गुडाखू घासायची, आपल्याकडच्या कितीतरी बाया घासतात तशी. जिभेच्या डाव्या कडेला चार आण्याच्या नाण्याएवढा चट्टा, तपासणीत कॅन्सर निघाला, पण पातळ, वरच्यावर, उजेड पोचेल असा. आमच्या उपचाराला अगदी जसा हवा तसा. दुसरा मार्ग म्हणजे जिभेचा तेवढा तुकडा कापणं. मॅडमनी घर कसलं आहे ते विचारलं, कवेलूचं म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की ऑपरेशन करू, जीव वाचेल, बोलणं थोडं बोबडं होईल. बाई म्हणाली, "थोडं म्हनजे केवढं जी? माह्यापाशी सत्तावीस लेकरं येतेत. त्याहिले गोष्टी सांगतो, गाने म्हनतो, तेच माहं काम. जीभ कापली तर मी लेकरायले का हातवारे करून शिकवू का?" रडत नव्हती. चिडली होती. तिचा नवरा भिंतीकडे पाहत होता. मी कोपऱ्यात लेझरची तार गुंडाळत होते आणि मला आपल्या गावातला आवाज ऐकल्यासारखं झालं.

ती दोघं बाहेर गेल्यावर मी मॅडमना म्हटलं की आधीच्या दोघांचे कागद बघू का. त्यात लिहिलं होतं की आरोग्य सेवक घरी जाऊन आला, खोली अंधारी आहे. मी विचारलं, "मॅडम, खोली किती वाजता पाहिली?" त्या म्हणाल्या, "मतलब?" मी म्हटलं, सकाळी पाहिली असेल तर ती सकाळपुरती अंधारी. दुपारची भोकं वेगळी असतात, संध्याकाळची वेगळी. त्यांनी आरोग्य सेवकाला फोन लावला. दोन्ही घरं त्याने दुपारच्या आत पाहिली होती, आणि ज्याचा गाल भाजला त्याची खाट पश्चिमेच्या भिंतीला तोंड करून होती. मॅडमनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "तुम्ही करून दाखवाल अंधार?" मी हो म्हटलं. म्हणून तर बसले, पण घरी आल्यावर विचार करू लागले. एक फट राहिली असती तर त्या बाईचं तोंड भाजलं असतं आणि त्याला कारण मी झाले असते, आणि खेड्यातल्या माणसाला हा उपचार पुन्हा कधीच मिळाला नसता.

रविवारी पहाटेच्या गाडीने गोंदियाला उतरले आणि तिच्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून त्यांच्या गावी गेले. धानाची चुरणी नुकतीच संपलेली, त्यामुळे तणसही भरपूर आणि कोंडाही. नवऱ्याने घरातली आतली खोली दाखवली आणि अभिमानाने म्हणाला, "एकदम अंधारी हाय जी, आमचे पाव्हने ठेचकारतेत." मी त्याला आत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. उघडल्यावर तो म्हणाला, "अरे बापा." मग मी कोंडा उडवला. तो माणूस आयुष्यभर त्या घरात राहिला होता आणि आपल्याच छपरातून निघालेल्या उजेडाच्या दोऱ्यांकडे तोंड उघडं टाकून बघत होता. आम्ही सकाळी अकरा फटी बुजवल्या, दुपारी सात आणि चार वाजल्यानंतर पुन्हा पाच. हिवाळ्याचा सूर्य खाली असतो, तो वळचणीखालून तिरका आत शिरतो, हे मला तिथं गेल्यावर कळलं, कारण तुमच्यासोबत मी फक्त उन्हाळ्याचा अंधार केला होता. दाराला दोन बारदाने, एकामागे एक. गावातल्या बाया बघायला जमल्या. एकीने विचारलं, "काऊन करून रायली ही पोट्टी असं?" मी पंचेचाळीस ओलांडलेली बाई आहे, पण मला फार बरं वाटलं.

पुढचं लवकर सांगते. तिला रंग दिला, चार दिवस आमच्याकडे मंद उजेडाच्या खोलीत ठेवलं, आणि पाचव्या दिवशी मॅडमनी तार जिभेशी धरली आणि मी मशीन चालू केलं. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. काही मिनिटं ती लाल उजेडाखाली तोंड उघडून पडून होती. झाल्यावर म्हणाली, "एवढंच?" मग दुसऱ्या दिवसापासून जीभ सुजली, दुखली, तिला पेजेवर राहावं लागलं आणि एवढंच म्हटल्याचा पश्चात्ताप झाला. दिवस मावळल्यावर, काचांना कांबळी लावलेल्या गाडीतून तिला घरी पाठवलं. मी रोज फोन करायचे. चौथ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला, आवाज घशातून, शब्द अर्धे. छपरावरून माकडांची टोळी गेली होती आणि कवेलू सरकले होते. नवरा शेतावर. खोलीच्या मधोमध उजेडाचा चौकोन पडला होता आणि तो तिच्याकडे सरकत होता. बारदाना ओलांडून बाहेर पळावं तर बाहेर भर ऊन. माकडांचा विचार मी केलाच नव्हता, कारण आपल्या कोठ्यावर माकडं कधी आलीच नव्हती. मी तिला म्हटलं, "कांबळ अंगावर घ्या, तोंडावरूनही, आणि दक्षिणेच्या भिंतीला चिकटून बसा. सूर्य दक्षिणेला आहे, त्याचा उजेड त्या भिंतीपर्यंत येणार नाही." मग नवऱ्याला फोन लावला. तो धावत आला आणि त्याने कवेलू बसवून दोरीने बांधून टाकले. ती पाऊण तास कांबळाखाली बसून होती. मी पाऊण तास फोन कानाला धरून उभी होते आणि ती मला मध्येमध्ये "हूं" म्हणून कळवत होती की अजून आहे.

तिच्या हाताच्या पाठीवर बोटभर लाल पट्टा उठला, कांबळ धरताना उघडा राहिलेला. बाकी काही नाही. दोन आठवड्यांनी दिवेलागणीला बाहेर, मग पहाटे, मग कोवळं ऊन, दर दिवशी थोडं जास्त. मॅडमच्या पुस्तकातही तसंच आहे, म्हणजे हळूहळू उजेड दिला की कातड्यातला रंग झिजत जातो. मी पुस्तक उघडायच्या आधीच वेळापत्रक लिहून दिलं होतं. तीन महिन्यांनी ती तपासणीला आली. जीभ अख्खी, गुलाबी, चट्ट्याच्या जागी फक्त थोडी फिकट खूण. कणभर तुकडा काढून तपासला, त्यात काही निघालं नाही. मॅडम बरी झालीस असं कधी म्हणत नाहीत, दर काही महिन्यांनी यायचं असतं. पण बाई बोलत होती, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. गुडाखूचा डबा तिने स्वतःच्या हाताने तळ्यात फेकला होता. तिचा नवरा म्हणाला, "पंधरा दिवस घरात एवढी शांती होती जी, का सांगू." त्यावर ती त्याला म्हणाली, "आता भोग." मी इतकी हसले की मॅडमनी वळून पाहिलं.

त्यानंतर नियम बदलला. आता कवेलूच्या घरातल्या रोग्याला नाही म्हणत नाहीत, आधी घर पाहतात. मॅडमनी माझ्याकडून मराठीत एक कागद लिहून घेतला: डोळे किती वेळ मिटायचे, कोंडा कसा उडवायचा, दिवसातून किती वेळा बघायचं, बारदाने कसे टांगायचे, कवेलू दोरीने बांधायचे. शेवटचं तेवढं माझं, बाकी सगळं तुमचं. आरोग्य सेवक तो कागद घेऊन खेडोपाडी जातात, आणि आतापर्यंत कोणी भाजलेलं नाही. मॅडमनी महिन्याच्या सभेत सगळ्या डॉक्टरांसमोर तो वाचला. कोंड्याची गोष्ट आली तेव्हा एक तरुण डॉक्टर मोठ्याने "वा!" म्हणाला. बाबा, ज्यांना तुम्ही "हो जी" म्हणाला असता अशी पंचवीस माणसं तुमची रीत ऐकून वहीत लिहून घेत होती. तुम्ही असता तर दाराशी उभे राहिला असता, आणि मी तुम्हाला ओढून पहिल्या रांगेत बसवलं असतं. एवढा अभिमान मला माझ्या डिप्लोम्याचाही कधी वाटला नव्हता.

मग मॅडमनी मला उभं केलं आणि विचारलं, "हे कुठं शिकलात ते सांगा सगळ्यांना." मी म्हटलं, "माझे वडील सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. त्यांच्याकडून." त्या म्हणाल्या, "ग्रामीण रुग्णालयात?" आणि मी मान हलवली. हो म्हणून. टाळ्या वाजल्या, मी खाली बसले.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. मुलाखतीत, लग्न ठरताना, शेजारणींना, बावीस वर्षं मी तेवढंच सांगत आले, दवाखान्यात होते, आणि पुढचं ज्याचं त्याने समजून घेतलं. एक शब्द कमी सांगितला की खोटं बोलावं लागत नाही. लाज तुमची नव्हती असं लिहायला घेतलं होतं, पण तुमच्यापाशी कशाला सोंग. तुमचीच होती. टाळ्या वाजत होत्या, तुमच्या अभिमानाने माझा ऊर भरून आला होता आणि त्याच वेळी मी मान हलवली.

माझे वडील ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. एवढं एक वाक्य लिहायला मला एवढं मोठं पत्र लागलं, आणि तोंडाने म्हणायचं अजून राहिलंच आहे.